संगणकातली गावे आणि दादाचा कळप

दुष्काळाच्या त्या वर्षांत मी घरी बसून संस्कृती उभारत होतो आणि त्या कोसळताना पाहत होतो. हे लिहिताना संकोच वाटतो. त्याच काळात आमच्या वसाहतीत टँकर आला की लोक ड्रम घेऊन धावत, आणि माझी पत्नी मला दोन हाका मारून शेवटी एकटीच पाइप धरायला जाई.

मी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. तेव्हा मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्यावर चौकटींची एक जमीन, प्रत्येक चौकटीत थोडे पाणी, थोडे धान्य, आणि त्यांवर फिरणारे ठिपके. ठिपके म्हणजे माणसे. मी त्यांना अगदी साधे नियम दिले होते: भूक लागली की खावे, उरले तर साठवावे, शेजाऱ्याशी देवाणघेवाण करावी, जगणे अशक्य झाले तर जवळच्या बऱ्या चौकटीकडे जावे. राज्य, कर, कोठार, नगर यांपैकी काहीही मी त्यांना शिकवले नव्हते. तरी काही पिढ्यांत ठिपके पाण्याभोवती दाट होत, एखाद्याकडे धान्य साचे, इतर त्याच्या आसऱ्याला येत आणि नगर तयार होई. मग मी पाऊस कमी करी. गावे एकेक करून काळी पडत. नगर उलट काही काळ फुगे, कारण गावांतली माणसे तिथेच येत. पुढे तेही विझे. पाऊस कसाही बदलला तरी शेवट फारसा बदलत नसे, आणि या सातत्याचा मला अभिमान वाटे.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी माझा थोरला भाऊ आला. आमचे घर मेंढपाळांचे, गाव खुलताबादच्या पलीकडे डोंगरावर. दरवर्षी दिवाळीनंतर वडील कळप घेऊन पैठणकडच्या कालव्याच्या पट्ट्यात उतरत. तिथले शेतकरी आपल्या रानात रात्री मेंढ्या बसवून घेत आणि त्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य देत. पाऊस पडला की सगळे गावी परत. मी शाळेसाठी वसतिगृहात राहिलो आणि माझी ती वाट सुटली. दादाने ती चालू ठेवली.

चहा होईपर्यंत तो माझ्या मागे उभा राहून पडदा पाहत होता.

"ही ठिपकं कोण?"

"माणसं आहेत."

"अन् मेंढरं?"

मी सांगितले की मेंढ्या वेगळ्या दाखवलेल्या नाहीत, त्या धान्यातच धरल्या आहेत.

"मंग ह्या माणसांला काम काय? नुसतं खायाचं अन् मरायचं." तो हसला. "मास्तर, लई वंगाळ देव हायेस तू."

चहाचा कप खाली ठेवल्यावर त्याने खरे काम सांगितले. सिल्लोडचा एक व्यापारी सगळा कळप एकदम घ्यायला तयार होता. शहरात आमच्या वसाहतीशेजारी एका नव्या इमारतीवर वॉचमनची जागा होती. "पानी नाय, चारा नाय. गुडघं बी बोलाया लागलेत. विकू का नको, तू सांग. तू शिकलेला माणूस. कळप हलवायच्या आत सांग म्हंजी झालं."

मी आमच्या डोंगराची जमीन अंदाजाने चौकटींत मांडली, पाऊस कमी केला आणि प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा चालवला. प्रत्येक वेळी आमचे गाव काळे पडले. ते पाहून मला दुःख व्हायला हवे होते. मला हायसे वाटले. दादा शहरात येईल, माझ्याजवळ राहील, आणि सणाला गावी जाऊन पाहुण्यासारखे अवघडून बसण्याची वेळ माझ्यावर येणार नाही. माझ्या त्या समाधानात शास्त्र किती होते आणि ही इच्छा किती, हे मी तेव्हा तपासले नाही. विकून टाक, हे सांगायला मी स्वतः गावी गेलो.

आमच्या गल्लीतली निम्मी घरे बंद होती. इतर कळप आधीच उतरले होते. उंबरे सारवलेले होते आणि कुलपे गंजू नयेत म्हणून त्यांना तेलाच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. दादा मेंढ्या घेऊन माळावर गेला होता. वहिनी ओसरीवर बसून धान्याच्या कणगीचे तोंड शेणमातीने लिंपत होत्या.

"वहिनी, आत काय आहे?"

"बी हाय, भावजी. बाजरीचं."

"पण कळप विकायचं ठरलं तर?"

"ठरंल तवा ठरंल. अन् गेलोच तर आल्यावर काय पेरायचं, दगडं?"

त्या लिंपत राहिल्या. मी समोरच्या कुलपाकडे पाहत बसलो. माझ्या प्रोग्रॅममध्ये एक नियम होता: चौकट सबंध हंगाम रिकामी राहिली की ती मृत धरायची, तिच्यात पुन्हा कोणी जायचे नाही. हा नियम मी शेतकरी संस्कृतींविषयीच्या कुठल्याशा वाचनातून उचलला होता आणि त्यावर पुन्हा विचार केला नव्हता. दुसऱ्या कोणाकडून ही चूक झाली असती तर ती समजण्यासारखी होती. ज्या घरात मी जन्मलो ते घर माझ्या नियमाने दरवर्षी मेलेले ठरले असते. दादा परत येण्याआधीच मी निघालो. वहिनींना एवढेच सांगितले की मला आणखी थोडा वेळ हवा.

मी नियम बदलला. आता घर रिकामे झाले तरी माणसांना ते आठवत असे, आणि पाऊस झाला की ती परतू शकत. चित्र पालटले. दुष्काळात काळी पडलेली बरीच गावे पावसानंतर पुन्हा उजळू लागली. मी आनंदलो, पण यावेळी आनंदाची घाई केली नाही, प्रोग्रॅम आणखी पुढे चालू दिला. काही गावे उजळतच नव्हती. त्यांचा पाऊस इतरांइतकाच होता. बराच वेळ पाहिल्यावर कारण दिसले. नगर वाढता वाढता मधल्या चौकटी व्यापत होते आणि ठिपक्यांची जाण्यायेण्याची वाट बंद होत होती. ती गावे दुष्काळाने मरत नव्हती. दुष्काळात बाहेर पडता येत नव्हते, म्हणून मरत होती.

आमची वसाहत दौलताबादच्या रस्त्याला, शहराच्या कडेला आहे. इथे पूर्वी शेत होते आणि कालव्याकडे उतरताना वडिलांचा कळप त्यात मुक्काम करी. हे मला घर घेतानाही माहीत होते. वास्तुशांतीच्या जेवणात मी ते पाहुण्यांना कौतुकाने सांगितलेही होते.

दादा उत्तरासाठी आला तेव्हा मी म्हणालो, "दादा, मला सांगता येत नाही."

"मंग इतके दिस काय केलंस?"

"आधीचं उत्तर चुकीचं होतं, ते खोडलं. आणि तू इथे राहायला यावंस असं मला वाटत होतं. ते त्या उत्तरात मिसळलं होतं."

तो तळहातावर तंबाखू मळत राहिला. "आलो असतो तर गेटावर बसलो असतो. तू गाडीतून निघाला की सलाम ठोकायचा का राम राम घालायचा, ह्येच कळलं नसतं." मग म्हणाला, "जायाचं मन हाय माझं. पर घाट उतरलं की रात काढाया जागा नाय राह्यली. जिकडं तिकडं पलाटिंग. गाभण मेंढ्या एका दिसात शहराला वळसा घालून जायच्या नायत. जागा भेटली तर जातो, नायतर त्या व्यापाऱ्याला बोलिवतो."

आमच्या वसाहतीत बागेसाठी सोडलेली मोकळी जागा होती. बाग केव्हाच वाळली होती. संध्याकाळी मी शेजाऱ्यांना गोळा केले आणि ती जागा एका रात्रीसाठी एका कळपाला मागितली.

नोकरीतून निवृत्त झालेले शेजारचे चाचा म्हणाले, "सर, बकरे आहेत का?"

"मेंढ्या. एक रात्र बसायला."

"बसायला? मीटिंग है क्या उनकी?"

सगळे हसले. समोरचे गृहस्थ हसले नाहीत. "आज मेंढ्या, उद्या उंट येतील. वास कोण सहन करणार? आणि पाणी? टँकरचा एक थेंब मिळणार नाही, आधीच सांगतो."

मी सांगितले की मेंढ्या वाटेत पाणी पिऊन येतील. माझा आवाज फार बारीक निघत होता. हे माझ्या भावासाठी आहे, हे मी तोपर्यंत सांगितले नव्हते, ते सांगितले. माझे घरचे लोक मेंढ्या राखतात, हे त्यांच्यापैकी बहुतेकांना त्या दिवशी कळले.

चाचांनी आपल्या वाळलेल्या गुलाबांकडे पाहिले. "लेंडी कुणाची?"

"ज्याला हवी त्याची."

"फिर आने दो यार. एका रात्रीने काय होतं?"

समोरच्या गृहस्थांनी खिडक्या बंद ठेवीन म्हणून सांगितले, आणि ते मान्य असल्यासारखेच होते.

कळप सूर्य मावळायच्या सुमारास आला. घोड्यावर बिऱ्हाड, मागे वहिनी. दादाने वाळलेल्या बागेभोवती मेंढ्या कोंडायची जाळी लावली; एका बाजूची मेख त्याच्या सांगण्यावरून मी ठोकली, ती तिरकी गेली, आणि त्याने ती उपटून पुन्हा ठोकली. सकाळी उजाडताच ते निघाले. चाचा घमेले घेऊन आधीच उभे होते. पत्नीने वहिनींना भाकरी बांधून दिल्या. दादा म्हणाला, "मास्तर, येतो." मी कोपऱ्यापर्यंत सोबत चाललो. वाहने थांबवायला कोणीतरी हवे होते.

पाऊस झाल्यावर कळप परतला. काही मेंढ्या कमी झाल्या होत्या, काही कोकरे वाढली होती. सिल्लोडचा व्यापारी पुन्हा गावी येऊन गेला. दादाने त्याला परस्पर नाही म्हणून सांगितले, आणि हे मला पुष्कळ दिवसांनी वहिनींकडून कळले. यावेळी त्याने मला विचारले नव्हते. आधी मनाला थोडे लागले. मग वाटले की हे बरे झाले.