वर्गात सांगितलेलं खोटं उदाहरण

भामरागडच्या निवासी शाळेत मी इंग्रजी शिकवत असे. तयारी आणि काटेकोरपणा यांवरचे वाक्प्रचार हा माझा आवडता धडा. ‘लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड’ म्हणजे एकही दगड उलटून पाहायचा सोडू नका. ‘डॉट द आयज अँड क्रॉस द टीज’ म्हणजे ‘आय’वरचा ठिपका आणि ‘टी’वरची आडवी रेघसुद्धा विसरू नका. ‘कव्हर ऑल द बेसेस’ बेसबॉलमधला. तो खेळ मी कधी पाहिलाच नव्हता, म्हणून कबड्डीचं सांगायचो: चढाईवाला आला की एकही कोपरा मोकळा ठेवायचा नाही.

बारावीतल्या एका मुलीला हे सगळे तोंडपाठ होते. तिला नर्सिंगला जायचं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर तिचे वडील भरलेला अर्ज घेऊन आले. त्या आठवड्यात गावोगाव लोक चार महिन्यांचं मीठ, तेल, तांदूळ, सरपण घरात भरत होते; नदी पुलावर चढली की रस्ता बंद. तेही मिठाचं पोतं खांद्यावर घेऊनच उभे होते.

“सर, पाणी यायच्या आधी पोचलं पाहिजे जी.”

“भाऊ, सोमवारी मी गडचिरोलीला जातोच आहे. स्वतः देतो.”

सोमवारी मी गेलो नाही. कारण आज आठवतही नाही, इतकं ते क्षुल्लक होतं. बुधवारी पूल बुडाला. रस्ता उघडला तेव्हा मुदत संपली होती आणि अर्ज माझ्या टेबलाच्या खणात होता. वडिलांना मी सांगितलं, पोरीची एक सही राहिली, म्हणून अर्ज परत आला.

ते खोटं भीतीपोटी होतं. पुढचं मात्र मी हौसेनं केलं. दरवर्षी तो धडा आला की तिचं नाव घेऊन उदाहरण द्यायचो. “सगळं पाठ, आणि सही विसरली!” वर्ग हसायचा. मी निवृत्त होईपर्यंत हसत राहिला.

गेल्या उन्हाळ्यात कळलं, तिची मुलगी त्याच शाळेत आहे आणि पोरं तिला आईवरून चिडवतात. निवृत्तीनंतर मी चंद्रपूरला राहतो; तिथून बस धरून तिच्या गावी गेलो. ती, माझी जुनी विद्यार्थिनी, अंगणात मोहफुलं पसरत होती. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं.

“मले माहीत होतं, सर. सही मी तीनदा पाहून केली होती.”

“मग बोलली का नाहीस?”

“कोणी ऐकलं असतं? तुम्ही सर, मी पोरगी.”

मी माफी मागितली. तिनं हातावरची धूळ झटकली.

“मले सांगून काय होणार? माह्यावर जे हासले, त्यायले सांगा.”

दुसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थनेनंतर मुलांपुढे सांगितलं. अर्ज मी पाठवला नाही, चूक माझी होती, तिची नव्हती. तिची मुलगी दुसऱ्या रांगेत होती. ती खाली बघत नव्हती.

आता जुन्या विद्यार्थ्यांना एकेक करून फोन लावतो आहे. मोहर्लीला सफारीचा गाईड असलेला एक जण म्हणाला, “जाऊ द्या ना सर. इतक्या वर्षांनी काऊन उकरून राह्यले?”

“तू हसला होतास की नाही?”

“हासलो होतो जी.”

“मग ऐकून घे. आणि तुझ्या वर्गातल्यांचे नंबर दे.”

त्यानं चार दिले. तिघांशी बोललो. चौथ्याचा फोन लागत नाही. तो कुरखेड्याला असतो म्हणे. उद्या सकाळच्या बसनं तिकडे निघतो आहे.