सात खाचांची वाम

मासेवाल्या साहेबांच्या हाताखाली मी जेमतेम वर्षभर होतो. पण चार टाळकी जमली की अजून त्याच वर्षातले किस्से निघतात. कॉलेजातल्या दोन वर्षांतला एकही आठवत नाही!

*

साहेब मूळचे समुद्राचे शास्त्रज्ञ. समुद्र सोडून चामोर्शीकडे वैनगंगेच्या काठी आले ते वामीसाठी. सापासारखा लांबडा मासा. ही वाम नदीत वाढते आणि अंडी घालायला थेट समुद्रात जाते, असं त्यांचं म्हणणं. ते सिद्ध करायला आम्ही सात वामींना तांब्याची चकती अडकवून डोहात सोडलं. पावसाळ्यात त्या निघाल्या की खाली सिरोंच्याला पुन्हा धरायच्या. 'एक तरी चकती तिथून आणा, नाहीतर गाशा गुंडाळा,' असं वरच्या ऑफिसचं पत्र होतं.

*

चकत्यांवर आधी आकडे होते. आमचे जाळेवाले सीतारामभाऊ ढिवर म्हणाले, "मले आकडे समजत नाईत." मग त्यांनीच छिन्नीनं खाचा पाडल्या. पहिलीला एक, सातवीला सात. साहेबही वहीत खाचाच काढायला लागले!

*

माझा बाप मास्तर. पोरगा कॉलेज सोडून मासे मोजतो म्हणून साहेबांना जाब विचारायला आला.

"इथून समुद्र किती दूर आहे, ठाऊक आहे का?"

"मला नेमकं नाही, मास्तर. वामीला आहे."

जन्मभर भूगोल शिकवणारा माणूस आल्या पावली परत! काय बरं वाटलं होतं!

*

साहेबांनी दवंडी पिटवली : चकती सापडली तर आणून द्या. वाम खाऊ नका, हे सांगायचं राहिलं!

पाटलानं जावयाच्या पाहुणचाराला डोहात मासे गुंगवणारी साल कुटून टाकली. दुसऱ्या दिवशी ताटलीत धुतलेल्या चकत्या घेऊन हजर. "मोजून घ्या साहेब, सहा हायेत. एकबी हरवू देल्ली नाई!"

गावातली सगळी म्हातारी माणसं त्याच्या प्रामाणिकपणावर खूश.

*

उरली सातवी. तिच्यासाठी सीतारामभाऊ सिरोंच्याला जाळं लावून बसले. पावसाळा सरल्यावर आले ते रिकाम्या हातांनी.

साहेब उठून उभेच राहिले. "आली का?"

"आली नं. सात खाचा. म्याच पाडल्या, वळखणार नाई का?"

"मग कुठंय?"

"सोडली."

"काऊन?" मी ओरडलो.

"साहेबच म्हणले, लेकरांसाठी चालली. पोटुशी बाई माहेरी जाऊन राह्यली, तिले अर्ध्या वाटेत कोण अडवते?"

"अहो, चकती तरी काढून घ्यायची!"

सीतारामभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की तसं बापानंही कधी पाहिलं नव्हतं. "पोटुशीच्या अंगावरचा दागिना काढू?"

साहेबांनी वही उघडली. "सीतारामभाऊ, सोडल्यावर तोंड कुठं होतं तिचं?"

"खाली. समुद्राकडं."

साहेबांनी वहीत सात खाचा काढल्या. त्यांच्यापुढे एक बाण काढला. पेनाला टोपण लावलं आणि मला म्हणाले, "पेट्या बांधायला घे."