तीन ठिपके, एक आडवी रेघ

लॉन्ड्रीवाल्या बाईंना सगळी गल्ली कडक काकू म्हणते, आणि ते नाव काही एकट्या खळीमुळे पडलेलं नाही. पावती विसरलेल्या गिऱ्हाइकाची त्या अशी झाडाझडती घेतात की माणूस शर्ट न घेताच घरी जायला बघतो. "डाग जेवणाचा म्हणता? मग मानेपर्यंत जेवता वाटतं." पण त्यांच्या हातून आजवर कोणाचा साधा रुमालही हरवलेला नाही, कारण प्रत्येक घराची एक खूण ठरलेली असते. कॉलरच्या आत, न धुतल्या जाणाऱ्या काळ्या शाईने घातलेली. कोणाच्या दोन फुल्या, कोणाचं वर्तुळ. काकूंच्या स्वतःच्या घराची खूण तीन ठिपके आणि एक आडवी रेघ. लेकीच्या पहिल्या दुपट्यावर तीच, शाळेच्या गणवेशावर तीच. बिनखुणेचं ते बेवारशी, हे काकूंचं ब्रह्मवाक्य.

जावई मिळाला तो लाखात एक. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचा दाखला देत. सासूशी बोलताना मान वर करणार नाही, ओल्या कपड्यांचं गाठोडं हातातून काढून घेईल. काकूंनी मोठ्या मायेने त्याच्याही शर्टांवर घरची खूण घातली. घरी गेल्यावर दार लावून तो काय करायचा, ते लेकीने बरीच वर्षं कोणाला सांगितलं नाही. डागांवरून माणसाची कुंडली मांडणाऱ्या काकूंना लेकीच्या उशीच्या अभ्र्यावरचे डाग ओळखायला मात्र वेळ लागला. की ओळखले होते, आणि गुपचूप गार पाण्यात भिजत घातले, ते त्यांचं त्यांना माहीत.

शेवटी लेक पळाली. दुसरं शहर, नवा नंबर. काकूंनी तो फक्त आपल्या बहिणीला दिला. मावशीबाईंच्या पोटात तो किती राहणार? त्यांनी नंबर नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, 'पोरीला धीर द्या.' नंबरावरून पत्ता हुडकून, धीर द्यायला सगळ्यांच्या आधी जावई पोचला.

हाडांच्या दवाखान्यातल्या बाकावर मायलेकी भेटल्या. प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून लेक दुसऱ्या हाताने आईच्या फोनशी खटपट करत होती.

"ह्या अॅपला नंबर लागतो. ह्यात नंबर लपवता येतो म्हणे, पण आधी द्यावा लागतोच. नको. हे तिसरं काहीच मागत नाही."

"काहीच नाही? मग त्याला कळणार कसं मी कोण ते?"

"कळायलाच नको, आई."

"अगं, पण मग तू मला सापडणार कशी?"

लेकीने दोन्ही फोन समोरासमोर धरले. एकाच्या पडद्यावरचा काळापांढरा चौकोन दुसऱ्याने टिपला. "अशी. समोर बसून, एकदाच. हा फोन गेला की आपण एकमेकींना गेलो. नंबरच नाही, तर परत जोडणार कशाने? रोज सकाळी मला एक टिंब पाठव. टिंब आलं नाही तर मी समजेन त्याला सुगावा लागला. असेन तिथून उठेन."

"आणि जाशील कुठे?"

"ते तुला कळलं, तर उठून उपयोग काय?" मग निघताना पुन्हा बजावलं, "माझं नाव कुठे घालू नकोस. अॅपने जे वेडंवाकडं दिलंय, तेच राहू दे."

काकूंनी मान डोलावली. रोज दुकान उघडलं की आधी टिंब, मग इस्त्री. उत्तर यायचं, 'जेवलीस का', नाहीतर 'आज मूठ वळली'. पण वर ते परकं, अगम्य अक्षरांचं नाव बघून त्यांच्या जिवाला चैन पडेना. पोटची पोर आणि बेवारशी? नाव नको म्हणाली होती ना, नाव नाहीच घातलं. खूण घातली. तीन ठिपके, एक आडवी रेघ.

एका दुपारी जावई शर्ट घेऊन आला. काकू शर्टांची घडी बघत होत्या, फोन काउंटरवर पडला होता. तो थरथरला, पडदा उजळला.

जावयाने वाचलं. मग सावकाश आणलेल्या शर्टाची कॉलर उलटी केली, आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"कोण हो हे, आई?"

"गिऱ्हाईक."

"आपल्याच घरचं?" तो हसला. आवाज तसाच, साखरेत घोळलेला. "द्या इकडे. तुमच्याच नावाने दोन शब्द लिहितो. आजारी आहात म्हणून. धावत येईल बिचारी."

त्याने हात पुढे केला. काकूंनी फोन उचलला. मागे पिंपात पांढऱ्या चादरी सोड्यात रटरटत होत्या. त्यांनी वळून फोन त्यात सोडला, आणि वरून काठीने चादर दाबून धरली. हात पोळला तरी काठी सोडली नाही.

"अरेरे," जावई म्हणाला. "असू द्या. मी नवा आणतो."

दुसऱ्या दिवशी त्याने खरंच आणला. नंबर जुनाच चालू करून दिला. दुकानात उभं राहून स्वतःच्या हाताने सगळं लावलं आणि तेवढ्यात काल पडद्यावर दिसलेलं ते तिसरं अॅपही शोधून घातलं. उघडलं तर ते कोरं होतं, धुऊन निघालेल्या चादरीसारखं. नंबर टाकायला जागाच दिसेना. बराच वेळ खाली-वर करून बघितलं. फोन मात्र टणटण वाजत राहिला. मावशीबाई आल्या, त्यांच्या सुप्रभाताची फुलं आली, गल्लीचा ग्रुप आला, गॅसवाला आला.

"बघा आई, सगळे परत आले की नाही?"

"आले," काकू म्हणाल्या.

सकाळचं टिंब गेलं नव्हतं. ते न गेलेलं टिंब आत्तापर्यंत पोचलं असणार. कुठल्याशा खोलीत एका हाताने पिशवी भरली जात असेल, ती खोली काकूंनी कधी पाहिली नव्हती आणि आता पाहणारही नव्हत्या.

त्यांनी जावयाचा शर्ट पुढे ओढला, पोळलेला हात पदराआड घेतला.

"खळ किती घालू?"

"तुम्हाला माहितीये की," जावई म्हणाला. "नेहमीसारखी. कडक."