सात घरांच्या घळीतला विस्तव

कासलबार गावाच्या पश्चिमेला, दोन डोंगरांमधल्या घळीत चार वर्षांपूर्वी जूनमध्ये जी जमीन जळली, ती माझ्यामुळे जळली. तिथे तंबू ठोकायला आलेल्या आपल्या पाच कुटुंबांना आजही वाटतं की तिथल्या म्हाताऱ्या मेंढपाळानेच झुडपं पेटवली असावीत. म्हणून हे आपल्याच मराठी मंडळाच्या अंकात लिहितो आहे.

मी नोकरीभर केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. पत्नी गेल्यावर देश सोडून मुलाकडे इथे परदेशात आलो. त्यामुळे सहलीचं ठरलं तेव्हा नियमांचं खातं आपोआप माझ्याकडे आलं आणि ते मला आवडलंही.

ती घळ सात घरांची सामायिक आहे. आत कुंपण नाही, पण कुणाच्या किती मेंढ्या कुठे चरायच्या हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. बाहेरच्या माणसाला तिथे राहायचं असेल तर सातांपैकी एका घराने त्याची हमी घ्यायची, असा रिवाज. आमची हमी त्या मेंढपाळाने घेतली. तो माझ्याच वयाचा, एकटा राहणारा.

फाटकाशी उभं राहून त्याने सगळं सांगितलं. ओढ्याजवळ झोपायचं नाही. वर डोंगरात पाऊस पडला की खाली थेंबही न पडता पाणी येतं. फाटक उघडं सापडलं तर उघडं ठेवायचं, बंद सापडलं तर बंद. कुत्रा आणायचा नाही. गॅसची शेगडी फक्त सपाट खडकावर, जमिनीवर विस्तव अजिबात नाही.

"ही माती नव्हे," तो बूट आपटत म्हणाला, "हे जळण आहे. हिवाळ्यात आम्ही हीच कापून, वाळवून घरात जाळतो."

मी एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. माझ्यासारख्याच, पण लेकीकडे आलेल्या एक वहिनी म्हणाल्या, "म्हणजे शिंकायचं असेल तरी विचारूनच ना?" सगळे हसले. मी हसलो नाही. "वहिनी, असल्या थट्टेतूनच अपघात होतात," म्हणालो. मेंढपाळाला शब्द कळले नाहीत, पण माझा आवाज कळला. मुलाला म्हणाला, "तुझे वडील आहेत तर मला काळजी नाही. ग्रँड." म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'.

दुसऱ्या दिवशी सगळे वरच्या तळ्याकडे गेले. गुडघ्यांमुळे मी मागे राहिलो. पिशवीत तीन वांगी होती. सूनबाई भरीत ओव्हनमध्ये करते. इथे आल्यापासून मी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. पण आज सगळ्यांना खरं भरीत खाऊ घालावं, असं मनात आलं.

आगटी मी लहानपणापासून पेटवत आलोय. हुरड्याच्या दिवसांत हातभर खड्डा करायचा, विस्तव करायचा, काम झालं की वरून माती लोटायची. मातीखाली विस्तव गुदमरतो. मातीचं कामच ते. तिथली जमीन बोटांना गार, दमट लागत होती. सुरीने हिरवळीचा चौकोन अलगद कापून बाजूला ठेवला, खाली खड्डा केला, वाळक्या काटक्या पेटवल्या. वांगी भाजून झाल्यावर माती लोटली, पायाने दाबली आणि हिरवळ पुन्हा बसवली. ओढा तीस पावलांवर होता. एक तांब्या पाणीही मी ओतलं नाही. 'हे जळण आहे' हे वाक्य मी आदल्याच दिवशी माझ्या तोंडाने सगळ्यांना सांगितलं होतं.

संध्याकाळी सूनबाई म्हणाली, "बाबा, गॅसवर एवढं खमंग?"

"हाताला चव लागते," मी म्हणालो.

आम्ही घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी मेंढपाळाचा फोन आला. जमीन आतून धुमसत गेली होती आणि वारा सुटल्यावर वरचं गवत-झुडूप पेटलं होतं. बंब आला होता. मेंढ्या वाचल्या, पण खालचा चराईचा भाग गेला. मुलाने फोन स्पीकरवर ठेवला होता. मी मटार सोलत होतो.

"तुमचं नाव निघालं होतं," तो म्हणाला. "मी सांगितलं, ते शक्य नाही. त्या म्हाताऱ्याने स्वतः सगळ्यांना नियम समजावून सांगितले, त्यांच्याकडे फक्त गॅस होता. तुम्हाला त्रास झाला असेल तर माफ करा."

मी मटार सोलत राहिलो.

आम्ही नाही, तर मग कोण? कोवळं गवत यावं म्हणून त्यानेच, जाळायला कायद्याने बंदी असलेल्या महिन्यांत, झुडपं पेटवली, असं बाकीच्या सहा घरांनी ठरवलं. जळालेला भाग त्याच्या सख्ख्या भावाच्या वाट्याचा होता. भावाने बोलणं टाकलं. मुलाच्या कानावर हे येत होतं. जेवताना तो हळहळत सांगायचा आणि मी ताक मागायचो. मुलाचं नाव खराब होईल म्हणून गप्प आहे, अशी मी स्वतःची समजूत घालत असे. ते खोटं होतं. नियम मीच सगळ्यांना सांगितले होते, एवढंच कारण.

यंदा मे महिन्यात मुलाला सांगितलं. त्याने गाडीची किल्ली उचलली. मग म्हणाला, "मला काय सांगता, बाबा? उठा, गाडी काढतो."

मेंढपाळाने सगळं शांतपणे ऐकलं. "मी आग लावली नाही हे मला माहीतच होतं," तो म्हणाला. "मला सांगून काय उपयोग? त्या घरांत जाऊन सांगा."

तो आमच्याबरोबर गाडीत बसला. पाच घरांत मी गेलो. एका घरात चहा मिळाला, तीन घरांत उंबऱ्यावरच उभा राहिलो. पाचव्या घरातली बाई एवढंच म्हणाली, "चार वर्षं?"

सहावं घर भावाचं. मी गाडीचं दार उघडायला लागलो तर मेंढपाळ म्हणाला, "इथे कुणी नाही." भाऊ गेल्या वर्षी वारला होता. अंत्यविधीला हा मागच्या रांगेत उभा राहून परत आला होता. भावजय आता एनिस गावी मुलीकडे राहते.

मी म्हणालो, "त्यांना फोन लावून द्या."

त्याने नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. मी तिला सगळं सांगितलं. भरीत, खड्डा, हिरवळीचा चौकोन, काहीच गाळलं नाही.

"तो तुमच्याजवळ आहे का?" तिने विचारलं.

"आहे."

"मग फोन त्याला द्या."

फोन घेऊन तो गाडीतून उतरला आणि दगडी भिंतीच्या कडेने लांब चालत गेला. आमच्याकडे पाठ करून तो बराच वेळ उभा होता. ती दोघं काय बोलली, ते मी विचारलं नाही. तो अधिकार माझा नव्हता.