पागाला बांधलेला शाईचा पॅड

तुमच्या घरातल्या एखाद्या बाईचा अंगठा कागदावर घेतला, तेव्हा तिचं म्हणणं काय हे कुणी विचारलं होतं का?

सांगलीहून निघाले तेव्हा हा प्रश्न माझ्या डोक्यात नव्हता. पिशवीत वडिलांनी छापलेली पत्रकं होती, 'बोला, गप्प बसू नका' अशी. त्यांच्यावरच मी वाढले. कोपरखैरण्याच्या बोनकोडे गावात नंदाताई नावाच्या चित्रकार रोजच्या वस्तूंतून कलाकृती करतात, एवढंच ऐकलं होतं.

रिक्षावाल्यानं भलत्याच सेक्टरात उतरवलं. "बोनकोडे गाव बोलायचं ना, मॅडम! तुमी नुसतं कोपरखैरणे बोलल्या," वर मलाच दटावलं. विचारत विचारत सोसायट्यांच्या मागची अरुंद गल्ली गाठली, तेव्हा नंदाताईंचा ओटा सापडला.

ओट्यावर पाग (खाडीत फेकायचं गोल जाळं) टांगला होता. कडेच्या शिशाच्या वजनांच्या जागी वस्तू बांधलेल्या: कुकरची शिट्टी, रिमोट, दाराची कडी, उलथनं. "जे बोलता आलं नाय, त्याची वस्तू द्या," असं नंदाताईंनी गल्लीतल्या बायकांना सांगितलं होतं. मी आपलं पत्रक पुढं केलं.

"कागद नको गं. त्याला वजन नाय," त्या हसल्या. मला झोंबलं.

त्यांच्या सासूबाईंनी, आयनी, तांदळाची भाकरी आणि जवळा (बारीक सुकी कोळंबी) वाढला. आयची वस्तू होती शाईचा पॅड. वडिलांच्या शेतातला हिस्सा सोडल्याचा अंगठा भावानं, घरातल्या सगळ्यांच्या मामानं, घरी येऊन घेतला आणि पॅड इथंच विसरला. आयनी तो जपून ठेवला होता.

जेवण होतंय तोच नंदाताईंचे दीर, दादा, आले. "वैनी, उद्या हे समाजमंदिरात लावनार नि मामा बी येनार. तो पॅड काढा. फुकटचं टेन्शन."

"आयनी दिलाय. मी नाय काढनार."

दादांनी पॅड स्वतःच सोडला. पाग एका अंगानं वर गेला. लहानपणापासून खाडीत पाग फेकलेल्या माणसाला ते वाकडं जाळं बघवेना. ते पॅडच्या जागी बांधायला दगड शोधू लागले.

"दगड कशाला बांधतोस?" आय म्हणाली. "मना इचार ना. तवा कोनी इचारलं नाय, तू तरी इचार."

दादा दगड हातात घेऊन थांबले. "मामा रागावला तर, आय? तुजं माहेर तुटंल."

"रागावू दे. मना शेत नको. मना सांगायचं हाय."

दादांनी दगड खाली ठेवला. पॅड पुन्हा बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. पाग सरळ झाला.

दुसऱ्या दिवशी मामा समाजमंदिरात आले. पॅडसमोर बराच वेळ उभे राहिले आणि चहा न घेता गेले. आय दारापर्यंत गेली, त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. "बघितलं तं खरं त्यानं," एवढंच म्हणाली.

परत आले तेव्हा पत्रकांचा गठ्ठा पिशवीत तसाच होता. आता प्रत्येकावर 'बोला'च्या वर मी हातानं लिहितेय: 'आधी विचारा.'

तुम्हीही आज जेवायला बसाल तेव्हा, जिच्या सहीनं किंवा अंगठ्यानं घरातलं काही ठरलं, त्या बाईला विचारा, तुझं म्हणणं काय होतं? आणि तिचं सांगून होईपर्यंत मधे बोलू नका.