राहीबाईने दिलेली तारीख

राहीबाईचे दीड एकर भात तारापूरच्या खाडीला लागून होते. खाडी आणि शेत यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध. चौसष्ट सालच्या पावसाळ्यात तो दोन जागी फुटला आणि खारे पाणी आत आले. कापणीला भात मूठभर आणि मिठाची पांढरी पापडी शेतभर. आणखी एक वर्ष असे गेले असते तर काठच्या अकराही घरांची शेती कायमची बुडाली असती.

ग्रामसेवक नरहरीने चावडीवर सांगितले की सरकार असे बांध पक्के करून देते. दगड सरकारचा, माती गावाने टाकायची. राहीबाई घरोघर फिरली, अकरा अंगठे घेतले आणि पालघरच्या कचेरीत चार खेपा घालून अर्ज पुढे सरकवला.

पाहणीला खंडेराव साहेब आले. साताऱ्याकडचा भला माणूस, पण समुद्र त्यांना नवा. आले ते अष्टमीला, भर दुपारी. खाडी तळाला गेलेली, चिखलात बगळे चरत होते.

"बाई, पाणी कुठं आहे?" असे म्हणून त्यांनी वहीत लिहिले : धोका दिसत नाही.

साहेब गेल्यावर दीर बळवंत हसला. "वयनी, साहेबाला चा पाजलास, पाणी दाखवायचं राहिलं."

राहीबाई हसली नाही. पाहणीची तारीख कळवणारे कचेरीचे पत्र आल्याच्या आनंदात तिथी बघायची राहिली, ही चूक तिचीच होती. अष्टमीला भरतीचे पाणी बांधापर्यंत चढत नाही, हे पाड्यावरची पोरेही जाणतात.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पालघरला गेली.

"साहेब, तुमी पाणी नसताना आलात. अवसेच्या दुसऱ्या दिवशी या. बारा वाजता बांधावर बसा. बूट कोरडे राहिले तर अर्ज फाडून टाका."

"एवढी नेमकी वेळ? घरी घड्याळ आहे?"

"घड्याळ नाय. खाडी हाय."

साहेब आले, छत्री उघडून बांधावर बसले. बाराला समोर नुसता ओला चिखल. सव्वा बाराला पाणी बांधाला लागले. साडेबाराला दोन्ही फुटींतून आत घुसले आणि ते बघायला फुटीजवळ उतरलेले साहेब बूट हातात घेऊन उभे राहिले.

"वयनी, साहेबांचे बूट मी धरतो," बळवंत म्हणाला. "त्यांना लिवायला हात मोकळे पायजेत."

गुडघाभर पाण्यात साहेबांनी जुनी ओळ खोडली आणि मंजुरीची शिफारस लिहिली. वही भिजू नये म्हणून राहीबाईने ती खालून दोन्ही हातांनी धरली होती.

उन्हाळाभर अकरा घरांनी माती टाकली. कामाची शेवटची तपासणी ठरली तेव्हा कचेरीच्या पत्रात तारखेची जागा कोरी होती. बाजूला शाईने लिहिले होते : राहीबाईंना विचारून भरावी.

राहीबाईने श्रावणातली पुनव सांगितली. त्या दिवशी मोठे उधाण आले. साहेबांसह अख्खा पाडा बांधावर उभा होता. पाणी वरच्या दगडापर्यंत चढले, थोडा वेळ तिथेच थांबले आणि मागे फिरले. राहीबाई बांधावरून शेताच्या बाजूला उतरली. खाचरातले पाणी तिने ओंजळीत घेऊन चाखले.

"गोडं हाय," ती म्हणाली.