डाव्या खांद्यावरची बंदूक

आमच्या आज्याने आपला चांगला डोळा स्वतःच्या हाताने घालवला.

आज त्याला जाऊन सेहेचाळीस वर्षं झाली. एकही फोटो नाही, म्हणून नुसतं लिहितेय.

जव्हार संस्थानचे दिवस. जामसरला आमच्या पाड्यात एकच बंदूक, ठासणीची. लायसन्स आज्याच्या नावावर. रानडुकरांपासून सगळ्या पाड्याची नागली, म्हणजे नाचणी, तो राखायचा.

एका वर्षी भात झोडताना त्याच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. पुढे बुबुळावर पांढरं फूल पडलं.
संपला डोळा.

दरवर्षी दरबारचा माणूस यायचा. त्याच्यासमोर नेम मारून दाखवायचा, नाहीतर बंदूक जमा.

मग आजा डाव्या खांद्यावरून शिकायला लागला. दारू उगाच कोण उडवणार, म्हणून प्रॅक्टिस मुसळाने! सवयीने मुसळ उजव्या खांद्याला गेलं की आजी ओरडायची, "अरं, त्या बाजूनं आंधळा हायस तू!"

आजीची जीभ अशीच होती.

शेवटी आला नेम. दरबारच्या माणसापुढे आज्याने एका बारात मडकं फोडलं.

पण त्या बंदुकीची टोपी, म्हणजे चाप ओढला की फुटून दारू पेटवणारी केप, उजव्या अंगाला. उजव्या खांद्यावरून मारलं तर टोपीची ठिणगी तोंडापासून लांब उडते. डाव्या खांद्यावरून मारलं तर सरळ डोळ्याशी.

लोहाराने बजावलं होतं, "नको मारू डाव्यानं. हाय तो पण जाईल."
"मिटीन ना डोळा," आजा म्हणाला.

आणि खरंच, चाप ओढताना डोळा मिटायची सवय त्याने लावून घेतली. दोन वर्षं निभावलं.

तिसऱ्या वर्षी नागली कापणीला आली होती. उन्हं उतरताना डुकरं शिरली, त्यातलं एक थेट आजीवर गेलं. दोघं इतकी जवळ, की डोळा मिटून चाप ओढायची आज्याची छाती झाली नाही.

डुक्कर पडलं. आजीला खरचटलंसुद्धा नाही.

आज्याला त्यानंतर काही दिसलं नाही. बंदूक जमा झाली. पुढच्या साली डुकरांनी नागली साफ केली, आणि अर्धा पाडा पोट भरायला घाटाखाली उतरला.

मी बारा वर्षांची असताना त्याला विचारलं, "आज्या, तुला वाईट नाय वाटत?"

मला वाटलं, हसेल. म्हणेल, तुझी आजी वाचली ना.

"वाटतं," तो म्हणाला. "रोज वाटतं. डोळा मिटायला पायजे होता, असं पण वाटतं."
मग हळूच म्हणाला, "आजीला सांगू नको."

आजी दारातच उभी होती. तांब्या घेऊन.

आत्ताच आल्यासारखं तिने त्याच्या हातात पाणी दिलं आणि आत गेली. त्यानंतर मरेपर्यंत ती त्याच्याशी भांडली नाही. एकदाही नाही. घर इतकं गप्प झालं की मला तिथे बसवेना.

आज्याला शेवटपर्यंत कळलं नाही, ती का गप्प झाली. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

आज्या, तुला नमस्कार. मी तो प्रश्न विचारायला नको होता.